शनिवारचं गोणपाट

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. गजर लागत नसे. नळाला पाणी येण्याआधी पाईप खोकायचा, तेवढ्याने तिला जाग येई. अंथरुणातच बसून ती प्रार्थना करी, आवाज न करता, नुसते ओठ हलवत. मग सासऱ्यांचा चहा करून झाकून ठेवायचा, केस बांधायचे, रबरी चपला पायात घालायच्या आणि चौकीचा रस्ता धरायचा. पोलीस चौकीत फरशी पुसण्याचं काम तिच्याकडे होतं. वस्तीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. समोर असली की ‘मावशी’, पाठ वळली की ‘चौकीवाली’.

चौकी दुमजली. खाली टेबलं आणि बाकं, वर साहेबांची खोली आणि तिला लागून चौकशीची खोली. मधे दगडी जिना. हा जिना पुसायची तिची स्वतःची पद्धत होती. काठीचा पोछा ती जिन्याला लावायची नाही. काठीने कोपरे सुटतात आणि पायरीच्या कडेला पाणी राहतं. दोन बादल्या, दोन फडकी. वरच्या पायरीवर गुडघे टेकायचे, ओल्या फडक्याने पुसायचं, बोटाच्या टोकाने कोपरा काढायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं आणि एक पायरी मागे सरकायचं. खाली पोचेपर्यंत कंबर बोलायला लागे. शेवटी जिन्याच्या तोंडाशी एक जुनं गोणपाट टाकायचं. ते दिसलं की शिपायांनी समजायचं, अजून दगड ओला आहे. काही थांबत, काही शिव्या घालत लांब ढांग टाकून जात.

शनिवारी ते गोणपाट ती घरी धुवायला नेई. आठवडाभर बुटांची घाण त्यावर साचलेली, आणि चौकीच्या नळावर धुवायची परवानगी नव्हती. त्यामुळे शनिवारी ती दगड सुकेपर्यंत स्वतःच जिन्याच्या पायथ्याशी उभी राही आणि मग गोणपाट काखेत मारून निघे. याबद्दल तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी शाबासकीही दिली नव्हती.

शहराच्या वरच्या अंगाची माणसं उजळ रंगाची, खालच्या अंगाची काळी. अशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण चौकीत कोण बाकावर बसून बोलतं आणि कोण भिंतीशी उभं राहून, हे बघितलं की पाटीची गरज उरत नसे. चर्चही दोन होती, वरचं आणि खालचं. चौकीतला हवालदार वरच्या चर्चचा. शर्टाच्या आत क्रूस घालणारा, रविवार न चुकवणारा. तिचा नवरा आजारात खंगत चालला होता तेव्हा वरच्या दवाखान्यातून औषध आणून देणारा चौकीत तो एकटाच निघाला. पैसे घेतले नाहीत. नवरा गेला, उपकार राहिला. ती रोजच्या प्रार्थनेत हवालदाराचं नाव घेई. आणि नाव घेऊन झालं की रोज तिच्या मनात पाल चुकचुके. याला आपल्याकडून पुढे काय हवं असेल?

ती सगळ्यांकडेच अशी बघायची. चौकीत काम करणाऱ्या काळ्या बाईला ते शिकावं लागतं. चौकीवाले तिला वस्तीची समजत, वस्ती तिला चौकीची.

त्या शनिवारी जिना सुकला, गोणपाट काखेत घेतलं आणि ती फाटकापाशी आली, तर दोन शिपाई एका तरुणाला आत आणत होते. तिच्याच घरातल्या खालच्या खोलीतला, शिलाईवालीचा मुलगा. घरांना रंग द्यायचं काम करायचा म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत. चर्चच्या गाणाऱ्यांत सगळ्यात खालचा सूर त्याचा. नखांत अजून निळा रंग होता.

“मावशी,” तो म्हणाला, “आईला सांगा. दुपारपर्यंत येतो म्हणावं.”

तो स्वतःच्या दोन पायांवर चालत होता. हे तिने नीट बघितलं.

“ओळखतेस काय गं याला?” एका शिपायाने विचारलं.

“तोंडओळख आहे,” ती म्हणाली.

दर रविवारी चर्चमध्ये ज्याचा सूर ती ऐके, त्याच्याबद्दल. वाटेत तिला तो प्रेषित आठवला, येशूला धरून नेल्यावर अंगणात शेकोटीपाशी बसून ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हणणारा. निदान तो नंतर रडला तरी. ही घरी आली आणि टोपात गोणपाट भिजवून पायाने तुडवायला लागली. रंगाऱ्याला काय, नेतात, भिंतीशी उभं करतात, सोडतात. आधीही दोनदा नेलं होतं. उगाच आपण धावत जाऊन सांगायचं आणि ‘चौकीवालीने बातमी आणली’ म्हणून ऐकून घ्यायचं. असा हिशेब तिने मनाशी केला. गोणपाट पिळून गॅलरीच्या दोरीवर टाकलं, आणि खालून आवाज आला.

“वर कोणी आहे का जिवंत? तुझ्या चौकीचं पाणी माझ्या कापडावर गळतंय.”

“चांगलं पिळलंय.”

“पिळलंय म्हणे. पोलिसांच्या बुटाची घाण पिळून जाते होय? गिऱ्हाइकाचा सदरा आहे हा. पांढरा. आज न्यायला येणार आहे तो.”

“हलवते.”

“दर शनिवारी हलवते. जरा जास्त पगार माग, दुसरी दोरी येईल.”

शिलाईवाली खाली दारात उभी होती, सदरा हातात, तोंडात टाचण्या. त्या काढून बोलायची तिला गरज पडत नसे.

“तुझ्या मुलाला चौकीत आणलंय,” ही वरून म्हणाली.

टाचण्या एक एक करून तोंडातून बाहेर आल्या.

“कधी?”

“मी निघाले तेव्हा.”

शिलाईवालीने वर गोणपाटाकडे बघितलं. “आणि तू आधी हे धुतलंस?”

एवढं बोलून ती तशीच निघाली. सदरा उंबऱ्यावर पडला.

ती चौकीत पोचली तोवर रंगाऱ्याला दवाखान्यात हलवलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं. जिन्यावरून घसरला, असं तिला सांगण्यात आलं. बाईने नुकताच पुसला होता, ओला होता, हा पळायला बघत होता, घसरला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर रंगारी वेगळंच बोलला. वर नेलं, हो म्हण म्हणाले, मी हो म्हटलं नाही, मग कॉलर धरून जिन्याशी आणलं आणि सोडलं. त्याच्या शब्दाला साक्षीदार कोणी नव्हता. चौकीच्या शब्दाला तिघे होते.

वरच्या बाजारातलं एक दुकान फुटलं होतं. चोर उंच, काळा, पंचविशीच्या आसपासचा, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

“म्हणजे आपली अख्खी गल्ली,” सासरे म्हणाले. ते जन्मभर विटा रचत आले होते, आता खिडकीशी बसून असत. “या वर्णनात न बसणारा आपल्या चर्चमध्ये एकच. वेदीमागच्या तसबिरीतला. गोरापान, निळ्या डोळ्यांचा. त्याला तेवढा सोडतील.”

“मामंजी, असं बोलू नये.”

“का? खरा होता तेव्हा त्यालाही रात्री उचललाच की. आणि पायाला धक्का लागू न देता सोडला असं काही वाचल्याचं मला आठवत नाही.”

त्या दिवशी तिच्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. जिना खरंच ओला राहिला असेल का?

रोज तेच काम. एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. टिपलं का? टिपलं. पण ती टिपल्याची आठवण शनिवारची की शुक्रवारची? फाटकापाशी ‘तोंडओळख आहे’ म्हणणाऱ्या बाईने पायरीही अर्धवट सोडली नसेल कशावरून? चौकीवर, वस्तीवर संशय घेत घेत तिचा संशय घरी परतला होता.

रविवारी उपासनेला ती गेली तेव्हा तिच्या बाकावरच्या बायका जरा जरा सरकल्या. कोणी उठून गेलं नाही. सरकलं तेवढंच. पाळकसाहेबांनी आपल्याला छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याविषयी सांगितलं. चांगलं सांगितलं. पण सांगताना त्यांनी तिच्याकडे दोनदा बघितलं, आणि तिला वाटलं, यांनाही माझाच संशय आहे. मग प्रभूची प्रार्थना झाली. इतरांना क्षमा केल्याच्या ओळीशी ती आली आणि तिचे ओठ मिटले. पुढच्या ओळीला ती पुन्हा सगळ्यांत मिसळली. दोन बाकं पुढे शिलाईवाली बसली होती. तिचंही डोकं नेमकं त्याच ओळीला हलायचं थांबलं, हे हिने मागून बघितलं. आजवर दोघींचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर शिलाईवालीने तिला गाठलं.

“एकच सांग. माझ्या पोराचा पाय त्यांनी मोडला की तू?”

“मला माहीत नाही,” ही म्हणाली. खरं तेच होतं.

सोमवारी हवालदाराने तिला चहा दिला. कपबशीतून. इतक्या वर्षांत तिला तिथे चहा मिळायचा तो कान तुटलेल्या पेल्यातून, उभ्याने.

“बस, बाई.”

ती बसली. कपाच्या काठाकडे बघत राहिली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

“शनिवारी जिना ओला होता ना गं?”

“असेल,” ती म्हणाली.

बस्स, एवढंच. ‘असेल’. हवालदाराने मान डोलावली.

“तुझ्यावर काही येणार नाही. मी आहे. उलट तुला कायम करायचं साहेबांच्या मनात आहे. औषधपाणी, म्हातारपणी थोडंफार, सगळं. तुझ्या सासऱ्यांचंही वय झालं.”

“तुम्ही होता का वर, शनिवारी?”

“मी खाली होतो,” तो म्हणाला. फार पटकन म्हणाला, असं तिला वाटलं. किंवा तिला सगळंच फार पटकन वाटायला लागलं होतं.

मंगळवारी तिने एक काम केलं. जिना नेहमीसारखा पुसला, नेहमीसारखा टिपला, आणि खाली पोचल्यावर पुन्हा वर चढली. पायरीपायरीवर तळहात टेकत. वरच्या पायऱ्या हाताला कोरड्या लागत होत्या. खालच्या दोन-तीन गार होत्या, पण हात सरकत नव्हता. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी एका पायरीवर तिने मुद्दाम न टिपता पाणी सोडलं आणि वाट बघितली. ते पाणी बराच वेळ चमकत राहिलं. मग तिने ते टिपलं, कारण तसं सोडून जाणं तिला जमलं नाही. आणि तिच्या लक्षात आलं, जे आज जमलं नाही ते शनिवारीही जमलं नसणार.

पण ‘असेल’ हा शब्द तोंडातून गेला होता.

पाय मोडल्याची चौकशी बाहेरच्या एका अधिकाऱ्याकडे गेली होती. शुक्रवारी हवालदाराने त्याच्यासाठी तिचा जबाब लिहून आणला आणि वाचून दाखवला. मी अमुक, काम सफाईचं, सदर दिवशी जिना ओला होता, आणि तसं कळावं म्हणून नेहमीप्रमाणे पायथ्याशी गोणपाट टाकलेलं होतं, त्याकडे दुर्लक्ष करून सदर इसम...

“गोणपाट?” ती म्हणाली.

“नेहमीचं तुझं. असतं ना तिथे.”

“असतं.”

तिच्या हातात पेन आलं होतं. तिने ते टेबलावर ठेवलं.

“सही सोमवारी करते. घरी विचारते.”

“यात घरी काय विचारायचं?”

“सासरे आहेत. मोठं माणूस आहे घरात.”

हवालदार हसला. ती हसली नाही. वाटेत तिची पावलं आपोआप भराभर पडायला लागली. तिला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. फाटकापाशी रंगाऱ्याने हाक मारली तेव्हा आपण खाली बघितलं होतं, आणि खाली बघितलं तेव्हा दिसलं काय? काखेतलं गोणपाट. सहा दिवस ते तिथे असतं म्हणून यांनी सातव्या दिवशीही ते लिहून टाकलं. ज्यांनी कधी जिना पुसला नाही, त्यांना शनिवार वेगळा कसा कळणार? आणि गोणपाटाबद्दल जे न बघता लिहितात, ते पाण्याबद्दल बघून लिहिणार आहेत थोडेच?

हवालदाराला हे ठाऊक होतं का, की तोही सवयीनेच लिहून गेला, हे मात्र तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

रात्री तिने सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“तू सांगितलंस तर काय म्हणतील?”

“स्वतःची चूक झाकतेय म्हणतील.”

“मग दुसरं कोण आहे ज्याने गोणपाट इथे बघितलं? मी म्हणशील तर मी घरचा.”

दुसरं कोण हे दोघांनाही माहीत होतं. सासऱ्यांनी खिडकीतून खाली शिलाईवालीच्या दाराकडे बघितलं आणि जबडा खाजवला.

“अवघड जागा आहे,” ते म्हणाले.

ती लगेच खाली गेली. शिलाईवाली मशीनवर होती. मुलगा पलंगावर, पाय लाकडी पट्ट्यांत बांधलेला, तोंड भिंतीकडे.

“तुला आठवतं का,” हिने दारातूनच विचारलं, “त्या शनिवारी माझं गोणपाट कुठे होतं?”

मशीन थांबलं. “काय?”

“गोणपाट. चौकीचं.”

“त्यांनी पाठवलंय तुला? काय वदवून घ्यायचंय माझ्याकडून?”

“कोणी पाठवलं नाही.”

“त्या दिवसातलं मला एकच आठवतं. तू आधी धुणं धुतलंस आणि मग सांगितलंस. जा वर.”

“धुणं कसलं होतं?”

“जा म्हटलं ना.” आणि मशीन सुरू झालं. मुलाने भिंतीकडचं तोंड वळवून हिच्याकडे बघितलं. फाटकापाशी काखेतलं गोणपाट त्यानेही बघितलं होतं, पण तो बोलला तरी आरोपीचाच शब्द.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. जिना सुकला, गोणपाट काखेत आलं, ती घरी आली. टोपात भिजवलं, तुडवलं. आणि मग तिने आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं. गोणपाट पिळलंच नाही. तसंच, पाण्याने जड, दोन्ही हातांनी उचलून गॅलरीच्या दोरीवर टाकलं, शिलाईवालीच्या दाराच्या बरोबर वर. दोरी खोल गेली. धार लागली. सासरे बघत होते. त्यांनी इतक्या वर्षांत सुनेच्या हातून असलं काम बघितलं नव्हतं. पण त्यांना कळलं.

फार थांबावं लागलं नाही.

“अगं ए,” खालून आवाज आला. “लाज आहे का काही? माझ्या घरात पोरगा पाय मोडून पडलाय आणि तू वरून चौकीचं पाणी सोडतेस? त्या शनिवारीही हेच. पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडला, गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला माझ्या, अजून पेटीत पडलाय. त्या शनिवारी मी तुला...”

ती थांबली. पाणी गळत राहिलं, तिच्या खांद्यावर, कपाळावर. ती बाजूला झाली नाही.

“त्या शनिवारीही हे इथे होतं,” शिलाईवाली हळू म्हणाली.

“हो.”

“आणि त्यांनी काय लिहिलंय?”

“जिन्याशी होतं.”

शिलाईवालीने हाताने कपाळ पुसलं.

“तू हे आज मुद्दाम केलंस,” शिलाईवाली म्हणाली.

“सरळ विचारलं तर तू हाकललंस.”

“तिथे जाऊन फिरणार नाहीस कशावरून? फाटकात माझ्या पोराला ‘तोंडओळख’ म्हणालीस तू. सांगितलंय त्याने मला.”

“तू माझ्यासोबत चल,” ती म्हणाली. “फिरले तर तिथेच केस धर.”

सोमवारी चौकशी अधिकाऱ्याकडे दोघी एकाच वेळी निघाल्या, पण सोबत नाही. ही रस्त्याच्या या कडेने, ती त्या कडेने. शिलाईवालीच्या पिशवीत डाग पडलेला सदरा होता. कचेरीच्या दारात हवालदार उभा होता. त्याने आधी एकीला बघितलं, मग दुसरीला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुझ्या नवऱ्याला औषध कोणी आणून दिलं होतं?”

“तुम्ही.”

“मग?”

“रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते. आज पहाटेही केली.”

“आणि आत जाऊन हे सांगणार?”

“हो.”

तो बाजूला झाला. तिला वाटलं होतं, राग येईल त्याला. आला असेलही. पण त्याच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं ते रागासारखं नव्हतं, सुटल्यासारखं होतं. तिने त्यावरही विश्वास ठेवला नाही.

आत अधिकाऱ्याने विचारलं, गोणपाट कुठे होतं.

“माझ्या दोरीवर. शनिवारी मी ते धुते.”

“साक्षीला कोण?”

“ही. तेव्हा माझ्याशी भांडत होती.”

“तुमचं आधीपासून भांडण आहे?”

“रोजचं,” शिलाईवाली म्हणाली. “मला ही बाई आजही आवडत नाही. लिहा तसं. पण गोणपाट माझ्या डोक्यावर गळत होतं. हा सदरा.”

अधिकाऱ्याने सदरा उलटून पालटून बघितला. त्याला त्या डागातून काही कळलं असं नाही. पण दोन बायका एकमेकींच्या फायद्याचं बोलत नाहीत, आणि तरी एकच बोलतात, हे त्याने टिपलं असावं. त्याने हिला शेवटचं विचारलं, आधी जिना ओला होता असं का म्हणालीस.

“ओला होता म्हणाले नाही. असेल म्हणाले. घाबरले होते.”

“आता घाबरत नाहीस?”

“घाबरते. पण जिना मी टिपते. ते मला माहीत आहे.”

पुढे फार काही घडलं नाही, हे सांगायला हवं. चौकीचा शब्द खोटा पडला, तसा रंगाऱ्यावरचा चोरीचा आरोपही गेला. हवालदाराची बदली झाली, कुठल्याशा लांबच्या ठाण्यात. साहेब वरच्या खोलीतच राहिले. दुकान कोणी फोडलं ते कधीच कळलं नाही. आणि महिना संपताना तिला सांगण्यात आलं की सफाईचं काम आता ठेकेदाराकडे दिलंय, उद्यापासून यायचं नाही. सांगणारा शिपाई तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. तिने बादल्या पालथ्या घातल्या, फडकी वाळत टाकली. गोणपाट तिचं स्वतःचं होतं. ते घेऊन ती निघाली.

पाळकसाहेब घरी आले, बायका बाकावर पूर्वीच्या जागी आल्या. एकीने तर तिचा हात हातात घेऊन डोळे पुसले. तिने हात घेऊ दिला. पण त्या बाकावर सरकल्या होत्या ते तिच्या लक्षात राहिलं, आणि ते विसरायला तिला कोणी सांगितलंही नाही. क्षमेच्या ओळीशी ती अजून थांबायची. कधी अर्धी म्हणायची, कधी नाही. हवालदाराचं नाव मात्र पहाटे घ्यायची, आता थोडा जास्त वेळ लावून, कारण त्याच्यासाठी नेमकं काय मागायचं हे तिला ठरवता येत नसे.

रंगाऱ्याचा पाय जुळला, पण आखूड जुळला. शिडीवर चढणं बंद. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, त्या चढताना त्याला आईचा खांदा धरावा लागे, म्हणून तो खालीच बसायला लागला. खालून त्याचा आवाज वेगळाच कुठून तरी यायचा.

चौकीने शेवटचा पगार द्यायला तिला बरेच हेलपाटे घालायला लावले. तो पगार आणि आधी बाजूला टाकलेले पैसे नवऱ्याच्या कबरीवर दगड बसवायला ठेवलेले होते. अजून तिथे नुसता लाकडी क्रूस होता, खालून कुजलेला. एका सकाळी तिने सासऱ्यांसमोर विषय काढला, आडून आडून.

“दगडाचं बघते पुढच्या वर्षी.”

सासऱ्यांना सगळं आधीच उमगलं होतं. “बघ,” ते म्हणाले. “त्याला काय घाई आहे? तो कुठे चालत जाणार आहे?”

मग तिने बूट शिवणाऱ्याला घरी बोलावलं. त्याने रंगाऱ्याच्या दोन्ही पायांची मापं घेतली. शिलाईवाली दारात उभी राहून बघत होती, तोंडात टाचण्या.

“चौकीचे पैसे?” तिने विचारलं.

“जिन्याचे.”

“मला नकोत.”

“तुझ्यासाठी नाहीतच. तुझे पाय धड आहेत.”

शिलाईवालीने टाचण्या काढल्या. बूट शिवणाऱ्याच्या हातातला चामड्याचा तुकडा घेतला, दोन बोटांत दाबून बघितला, परत दिला.

“टाच दुहेरी शिव,” ती त्याला म्हणाली. “हा पाय घासत चालतो. आणि ही बाई समोर आहे तोवर टाका सैल घालू नकोस, ऐकून घ्यावं लागेल.”

बूट झाले. डावा साधा, उजव्याचा तळ अंगठाभर जाड, टाचेला दुहेरी शिवण. नवऱ्याच्या कबरीवर अजून लाकडी क्रूसच आहे. तिचा पगार त्या उजव्या बुटात गेला.